नाक्यावरच्या टेबलाची झडती

मित्रांनो, तुमच्या वर्गात फळ्याच्या डाव्या हाताला एक जुना टेबल उभा आहे ना, एक पाय आखूड म्हणून ज्याच्याखाली कौलाचा तुकडा सरकवला आहे, तो मी. माझ्यावर हजेरीपट असतो, खडूची डबी असते आणि सरांची छडी असते. तुम्ही कर्कटकाने माझ्या अंगावर नावं कोरलीत, खालच्या बाजूला खाऊच्या कागदाचे बोळे चिकटवलेत. मी कधी हूं की चूं केलं नाही. लाकडाच्या जातीनं उगाच तोंड उघडू नये, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. पण आज बोलल्यावाचून राहवत नाही, कारण मला भीती वाटते आहे.

आज शेवटच्या तासाला काय झालं, ते तुम्ही पाहिलंतच. भूमितीचं पुस्तक निघालं आणि प्रेरणा रडायला लागली. तिची नवी कंपासपेटी दप्तरात नव्हती. शनिवारी होती, आज नव्हती. वर्गात सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. शेवटच्या ओळीत नलू बसते. ती दिवाळीनंतर शाळेत आली. गावाबाहेर नाल्याच्या काठी तिचं पाल आहे आणि तिचे आईवडील गावोगाव फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी देतात. तिच्याविषयी तुम्हाला एवढंच ठाऊक आहे आणि तेवढं तुम्हाला पुरलं.

तुमच्या दिपाली मॅडम प्रशिक्षणाला गेल्या आहेत, म्हणून प्रफुल सर वर्गावर होते. ते म्हणाले, “रडू नको, प्रेरणा. नलू, उद्या प्रार्थना झाली का दप्तर घेऊन समोर येजो. टेबलावर ओतून पाहू.”

टेबलावर, म्हणजे माझ्यावर. मित्रांनो, माझ्यावर आजवर किती पिशव्या ओतल्या गेल्या, त्याची गणती नाही. मी शाळेत यायच्या आधी तेरा वर्षं पोलिसांच्या नाक्यावर झडतीचा टेबल होतो. ती हकिकत आज तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण उद्या उशीर झालेला असेल.

माझा जन्म देवळीचा, एक्क्याण्णव सालचा. किसनराव सुतारांनी मला घडवलं. कागदावर मी पूर्ण सागवानी होतो. प्रत्यक्षात माझे दोन पाय बाभळीचे निघाले, आणि म्हणूनच एक पाय पुढे आखडला. किसनरावांचा हात चांगला होता, पण सरकारी काम म्हटलं की तो जरा सैल पडायचा. माझा खण, म्हणजे तुम्ही ज्याला ड्रॉवर म्हणता तो, त्यांनी घाईत बसवला. कुलूप छान लागायचं, किल्लीही फिरायची. पण उजव्या कोपऱ्यात खालून एक बुक्की मारली, की कुलूप लावलेलं असूनही खण आपला पुढे यायचा. त्यांच्या बायकोनं ते पाहिलं आणि विचारलं, “अवं, हे असंच देता का?” किसनराव रंधा मारता मारता म्हणाले, “देतो ना. सरकारी टेबल हाये. त्याले खालून कोन पाह्यते?”

माझ्या अंगातला हा दोष मला फार वर्षं सलत होता. पुढे एक दिवस मी त्याचे आभार मानले. ते येईलच.

आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडली की ती नाही. म्हणून जाम गावाकडून पुढे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर एक नाका होता. त्याचं नेमकं ठिकाण मी सांगत नाही, टेबलालाही काही रीतभात असते. रस्त्यात आडवा बांबू, दोन रंगवलेली पिपं, पत्र्याची एक शेड आणि शेडीत मी. बस थांबायची, पोलीस वर चढायचे, ज्याच्यावर संशय येईल त्याला पिशवीसकट खाली उतरवायचे आणि पिशवी माझ्यावर यायची.

मला चेहरे नीट दिसायचे नाहीत, हात मात्र समजायचे. चोरून बाटली आणणाऱ्याचा हात ओला व्हायचा, हे खरं. पण ज्याच्या पिशवीत भाकरीशिवाय काही नसायचं त्याचाही हात तितकाच ओला व्हायचा. हा फरक न कळणं हेच त्या जागेचं भय होतं. लोक माझ्यावर आपला संसार मांडायचे. औषधाची चिठ्ठी, लेकराचं झबलं, सासरी न्यायचं लोणचं, धुवायला नेलेले कपडे. चारचौघांत आपले मळके कपडे पालथे होताना पाहणाऱ्या माणसाचा श्वास कसा होतो, ते मी ऐकलं आहे.

सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. तेव्हा नाक्यावर रूपराव जमादार होते. पोट सुटलेलं, आवाज मोठा, पण माणूस सरळ. त्यांची एक रीत होती. कुणाच्याही पिशवीला हात लावण्याआधी ते दोन पंचांना, म्हणजे साक्षीदारांना, बोलवायचे आणि त्यांच्यासमोर आधी स्वतःचे खिसे उलटे करायचे. तपकिरीची डबी, रुमाल, घराची किल्ली, सगळं माझ्यावर ठेवायचे. माझा खणही उघडून दाखवायचे. मग प्रवाशाला म्हणायचे, “पाह्यलं ना बापा? माह्यापाशी काई नाई. आता मी तुह्यं पाहतो. जे निघन ते तुह्यंच निघन.” माणूस हसायचा आणि त्याचा हात सुकायचा. बाईमाणूस असेल तर तिची पिशवी तिलाच उघडायला सांगायचे. अंगाची झडती घ्यायची वेळ आली, तर ठाण्यातून महिला शिपाई येईपर्यंत खुर्ची देऊन बसवायचे.

पुढे वरून एक कागद आला. लोकांना कसं थांबवावं, काय विचारावं, झडती कशी घ्यावी, याच्या सूचना होत्या त्यात. रूपरावांनी तो वाचला आणि म्हणाले, “हे तं आपन करतोच.” तरी त्यांनी जामहून एक काच आणवली, माझ्या छातीवर कागद पसरला आणि वर काच ठेवली. त्या दिवशी मी फार ऐटीत होतो. येणारा-जाणारा म्हणायचा, टेबल साहेबाच्या हापिसातल्यासारखा दिसते. वर्षभरात रूपराव निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्यावर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

त्यांच्या जागी प्रेमदास हवालदार आले. त्यांनी तो कागद काढला नाही. काढायची गरज काय होती? कागद काचेखाली होता आणि काचेवर दिवसभर लोकांच्या पिशव्या असायच्या. कागद वाचायला कुणाला सापडायचाच नाही. शिवाय तिथे कोण वाचणार, असं प्रेमदासांना वाटायचं.

नाक्यासमोर पुंडलिकरावांची चहाची टपरी होती. पंच म्हणून नेहमी तेच यायचे आणि त्यांच्या जोडीला शेजारचा पंक्चर काढणारा. रूपरावांच्या काळात ते खरोखर पाहायचे, मग सही करायचे. प्रेमदासांच्या काळात सही आधी व्हायची. हवालदार नुसती हाक मारायचे, पुंडलिकराव हात पुसत यायचे, दाखवलेल्या जागी सही करायचे आणि चहा उतू जाईल म्हणून पळायचे. त्यांना मी दोष कसा देऊ? टपरी सरकारी जागेवर होती. हवालदारांनी डोळे वटारले तर उद्या टपरी नव्हती.

आणि मग कवडूचा दिवस आला. कवडू नालवाडीचा, खताच्या गोदामावर रखवालदार होता. त्याला बसमधून उतरवलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “साहेब, मलेच काऊन उतरवलं?” कागदावर पहिलीच सूचना होती की थांबवण्याचं कारण सांगावं. पण प्रेमदासांना तो प्रश्न झोंबला. त्यांनी पिशवी माझ्या कडेला ओढली. डावा हात माझ्या खणात गेला. खणात देशी दारूचा एक पव्वा होता. तो आदल्या दिवशीच तिथे आला होता आणि मला वाटलं होतं, जप्तीचा असेल. हात बाहेर आला, पिशवीत गेला आणि पव्वा पिशवीतून निघाला.

मित्रांनो, हे मी पाहिलं. माझ्याच पोटातून ते निघालं होतं. कवडू लेकराची शपथ घेत होता, माझी कड दोन्ही हातांनी धरून रडत होता, आणि मी लाकडासारखा उभा होतो. लाकडासारखा नाही तर कसा राहणार, असं तुम्ही म्हणाल. पण त्यानं माझं समाधान होत नाही. पुंडलिकरावांनी सही केली. कवडूची नोकरी गेली, हे मला पुढे लोकांच्या बोलण्यातून कळलं. तो नंतरही त्या रस्त्यानं बसमधून जायचा. पण त्याच्या हातात पुन्हा कधी पिशवी दिसली नाही. नाका आला की तो न सांगता खाली उतरायचा आणि दोन्ही हात उघडे करून उभा राहायचा. कुणी काही विचारायच्या आधीच.

तेव्हापासून मला माझ्या स्वतःच्या खणाची भीती वाटायला लागली.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला एक माणूस दुचाकीवर आला. माझ्यावर कोपरं टेकून तो हवालदारांशी हळू बोलायला लागला. तो कुठल्याशा गावचा चोरटा दारूवाला होता. त्या गावात कोकिळाबाई नावाच्या बाईनं महिला मंडळ काढलं होतं. बायकांनी त्याची मडकी फोडली होती, रात्रीची गस्त घातली होती, धंदा पार बसवला होता.

तो म्हणाला, “थे बाई नागपूरले पोरीकडे गेलती. आज बाराच्या गाडीनं येऊन राह्यली. तिच्या पिशवीत निंघाली ना साहेब, तं गावात तोंड दाखवाले जागा नाई राहनार तिले. मंडळ बी बुडालं अन् गस्त बी बुडाली.”

त्यानं कमरेचा पव्वा काढून दिला. हवालदारांनी तो माझ्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. तेवढ्यात पुंडलिकराव चहा घेऊन आले होते. त्यांनी काय काय ऐकलं, देव जाणे. पण कप ठेवताना त्यांचा हात असा हलला, की अर्धा चहा काचेवर सांडला आणि काचेखाली कागदावर उतरला.

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यभर विसरणार नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की जमीन हादरायची, जमीन हादरली की मी हादरायचो आणि माझ्या पोटात पव्वा गडगडायचा. प्रत्येक वेळी मला कवडूचे हात आठवायचे. बस बंद पडू दे, बाई दुसऱ्या रस्त्यानं जाऊ दे, मलाच वाळवी लागू दे, काय काय मागितलं मी देवाजवळ. बारा वाजून दहा मिनिटांनी बस आली.

कोकिळाबाई पन्नाशीच्या, काटक, हिरवं लुगडं नेसलेल्या होत्या. डोळ्यांवर नवाकोरा चष्मा होता. हा चष्माच करायला त्या नागपूरला मुलीकडे गेल्या होत्या. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यात साक्षरतेचे वर्ग चालले होते, त्यात त्या कंदिलासमोर बसून अक्षरं शिकल्या. पण शिकून होतं न होतं तोच नजर अधू झाली आणि शिकलेली अक्षरं धुक्यात गेली. आता चष्मा मिळाला होता. नागपूरपासून दिसेल ती पाटी वाचत आल्या होत्या म्हणे, बिडीच्या जाहिरातीसुद्धा. ही गोष्ट हवालदारांना ठाऊक नव्हती आणि दारूवाल्यालाही नव्हती.

“ओ बाई, उतरा खाली. पिशवी ठेवा टेबलावर,” प्रेमदास म्हणाले.

“काऊन, साहेब? काय झालं?”

“झडती हाये. सांगा नाई लागत सारं. ओ पुंडलिकराव, या बरं पंच म्हनून. त्या पंक्चरवाल्यालेही आवाज द्या.”

कोकिळाबाईंनी वायरची पिशवी माझ्या एका कोपऱ्यावर ठेवली. त्यांचा हात ओला होता. होणारच. बसच्या खिडक्यांतून पन्नास डोळे पाहत होते आणि त्यांच्या गावचे दोघे-चौघे त्यात होते. हवालदार किल्लीसाठी खिसा चाचपायला लागले. आणि बाईंची नजर खाली गेली, काचेवर. चहा सांडल्यामुळे सकाळपासून काचेवर काही ठेवलं नव्हतं. चष्म्यातून अक्षरं दिसली आणि सवयीनं त्यांचं बोट अक्षरांखाली गेलं. वर्गात शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं त्या वाचायला लागल्या.

“थां-ब-व-ण्या-चे का-र-ण सां-गा-वे.” मग बोट खाली सरकलं. “स्त्री-ची अंग-झडती स्त्री-नेच घ्यावी.” मग आणखी खाली. तिथे चहाचा डाग होता, पण अक्षरं वाचता येत होती. “झडती घेणा-ऱ्याने प्रथम पंचां-ना स्वतः-ची व झडती-च्या जागे-ची झडती द्यावी.”

तेरा वर्षांत माझ्या छातीवरचा कागद त्या एकाच प्रवाशानं वाचला.

प्रेमदास हसले. “लय शिकली वं बाई! थो जुना कागद हाये. हात काढ.”

बाईंनी हात काढला, पण पिशवी उचलून पोटाशी धरली. त्यांचा आवाज कापत होता. “जुना असन तं असन. लिवलं तं हाये ना? आधी तुमची झडती द्या पंचाले. मंग माही घ्या. मी काई पळून नाई चालली.”

“बाई, सरकारी कामात आडवी येऊ नको. आत टाकीन.”

बाई घाबरल्या. त्यांनी बसकडे पाहिलं, तिथून कुणी उतरलं नाही. मग त्या पुंडलिकरावांकडे वळल्या. “भाऊ, पंच तुमीच ना? इथं पंचाले म्हनून लिवलं हाये. तुमी मांगा ना.”

पुंडलिकराव उभे होते, खांद्यावर फडकं. समोर त्यांची टपरी होती, तिच्यावर दूध तापत होतं. सही करण्यापलीकडे त्यांना आजवर कुणी काही मागितलंच नव्हतं. त्यांनी आपला हात माझ्या कोपऱ्यावर ठेवला. मित्रांनो, झडती द्यायला आलेल्या माणसांचे हात मी हजारो ओळखले, पण पंचाचा हात इतका ओला मी पहिल्यांदाच पाहिला.

“साहेब,” ते खाली बघत म्हणाले, “खिसे दाखवा ना.”

“काय म्हनला?”

“रूपराव साहेब दाखवत होते. दाखवा ना.”

बसमध्ये चुळबूळ झाली. कंडक्टर पायरीवर येऊन उभा राहिला. प्रेमदासांनी रागारागानं खिसे उलटे केले. कंगवा, बिडीचं बंडल, चार चिठ्ठ्या माझ्यावर आपटल्या. किल्ली मात्र मुठीतच राहिली. “झालं समाधान?”

“जागेची बी लिवलं हाये,” कोकिळाबाई म्हणाल्या. “ह्या टेबलाची झडती घ्या.”

“खनाची चावी हरवली हाये.”

पुंडलिकराव पुढे झाले. ते वाकले. रूपरावांच्या काळात पावसाळ्यात साखरेला पाणी सुटू नये म्हणून ते साखरेची पुडी माझ्या खणात ठेवायचे, आणि जमादार नसले तर ती काढायची कशी, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी उजव्या कोपऱ्यात खालून एक बुक्की मारली.

खण पुढे आला. पव्वा गडगडत आला आणि टण्‌कन कडेला लागून थांबला.

आयुष्यात पहिल्यांदा माझी झडती झाली होती आणि माझ्याकडे मुद्देमाल सापडला होता. लाज वाटली का म्हणाल, तर वाटली. पण त्याहून मोठं असं काहीतरी वाटलं. पोटात अडकलेला काटा बाहेर पडला, की माणसाला कसं वाटत असेल, तसं.

“हे जप्तीचं हाये,” प्रेमदास म्हणाले, पण आवाज बसला होता.

पुंडलिकराव म्हणाले, “जप्तीच्या बाटलीवर चिठ्ठी राह्यते साहेब, पंचाच्या सहीची. इथं पंच मीच हावो. माही सही कुठी हाये याच्यावर?”

कोकिळाबाईंनी पिशवी पुन्हा माझ्यावर ठेवली आणि स्वतःच्या हातानं एकेक वस्तू बाहेर काढली. आठ संत्री, चष्म्याचं रिकामं घर, मुलीनं दिलेलं चोळीचं कापड, डोळ्यांत घालायचं औषध. “पाहा साहेब, पोटभर पाहा,” त्या म्हणाल्या आणि मग तिथेच, माझ्यावर डोकं टेकून, हमसून हमसून रडल्या. धीर होता तेवढा होता, तो संपला होता. पुंडलिकरावांनी त्यांना पाणी दिलं. गावचे दोघे तेव्हा कुठे बसमधून उतरले.

पुढे काय झालं, ते गोड करून सांगणार नाही. हवालदारांची बदली झाली. का झाली, ते कुठे लिहिलं गेलं नाही. आठ दिवसांत पुंडलिकरावांची टपरी अतिक्रमण म्हणून उठली. पत्रे हातगाडीवर रचताना ते पंक्चरवाल्याला म्हणाले, “टपरीचं दुःख नाई रे. कवडूच्या वक्ताले ही बुक्की मारली असती तं! मले म्हाईत होतं ना रे, खन कसा उघडते ते.” ते जामच्या स्टँडवर चहा विकायला गेले. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पण त्यांचं ते वाक्य रोज ऐकतो, कारण ते माझंही आहे.

दोन हजार चार साली नाक्यावर सिमेंटची खोली झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला बाहेर काढलं. काच फुटली, कागद पावसानं गेला. दोन पावसाळे मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. माझ्यावर कोंबड्या बसल्या, माझ्याखाली कुत्री व्याली. मग लिलावात तुमच्या शाळेनं मला घेतलं. तुमच्या गोंगाटात मला पहिल्यांदा निर्धास्त झोप लागली. इथे भीती नाही, असं मला वाटलं होतं.

आणि आज प्रफुल सर म्हणाले, टेबलावर ओतून पाहू.

सर वाईट नाहीत. त्यांना ठाऊक नाही, एवढंच. शनिवारी शाळा सुटल्यावर दिपाली मॅडमना नळाजवळ एक कंपासपेटी सापडली. पिवळी, झाकणावर फुलपाखरू असलेली. सोमवारी देऊ म्हणून त्यांनी ती माझ्या खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून त्या आठ दिवसांसाठी वर्ध्याला गेल्या. मित्रांनो, प्रेरणाची कंपासपेटी माझ्या पोटात आहे. तुम्ही सगळे मागे वळून पाहत होता, तेव्हाही ती तुमच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होती.

शाळा सुटली तेव्हा नलू माझ्या अंगाला घासून गेली. तिनं दप्तर पोटाशी धरलं होतं आणि तिचा हात ओला होता. उद्या तिच्या दप्तरात काही सापडणार नाही, हे मला माहीत आहे. पण म्हणून काय झालं? सगळ्यांसमोर तिची फाटकी वही, शिळी भाकर, आईनं शिवलेला सदरा माझ्यावर पालथा होईल. आणि काही सापडलं नाही तर तुम्ही म्हणाल, हिनं घरी नेऊन ठेवली असेल. परवा ती दप्तर न घेता येईल. किंवा येणारच नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी. उद्या नलूला हाक मारण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी उठा. सरांना म्हणा, सर, आधी आमची दप्तरं पाहा, आणि आधी या टेबलाची झडती घ्या. मग माझ्याजवळ या, खाली वाका आणि उजव्या कोपऱ्यात खालून एक बुक्की मारा. जोरात मारा. मला लागत नाही.

फक्त नलूचं दप्तर माझ्यावर यायच्या आधी मारा.